स्क्रू हिरवे आहेत ना, परब?

ट्रे खिडकीत धरून शेठ म्हणाले, "हां, आता हिरवे दिसतात." त्याआधी त्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला होता, दारात धरला होता, आणि दोन्ही वेळा गप्प राहिले होते.

साकीनाक्याला आमचं युनिट आहे. हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूंना आम्ही रंग देतो. पेंट नव्हे. स्क्रू रसायनात बुडवून करंट दिला की धातूवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. त्याला स्वतःचा रंग नसतो. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यातून रंग दिसतो. थर किती जाड, ते व्होल्टेज ठरवतं. आधी निळा, पुढे गुलाबी, त्याहून वर हिरवा. या ऑर्डरमध्ये जाडा स्क्रू हिरवा, बारीक गुलाबी. ऑपरेशनमध्ये सिस्टर रंग बघूनच स्क्रू हातात देते. बारीक स्क्रूच्या भोकात जाडा घुसवला तर हाड तडकू शकतं.

हे खातं मी वर्षानुवर्षं सांभाळतोय, आणि मला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही.

बायको सोडून कुणाला माहीत नव्हतं. नोकरी लागताना कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढे अडलं नाही, कारण मी रंग बघतच नव्हतो, मीटर बघत होतो. मीटर कधी चुकला नाही, त्यामुळे 'परबची नजर' असं नाव झालं. शेजारच्या गाळ्यातले लोक शेड जुळवायला यायचे. शेठनी घाटकोपरच्या घरातल्या हॉलचा रंग मला विचारून लावला. मी शेडकार्डावर कुठेतरी बोट ठेवलं आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

हा ट्रे निघाला त्या दिवशी करंट देणारा पॉवर सप्लाय दुरुस्त होऊन आला होता. मीटरने हिरव्याचं व्होल्टेज दाखवलं, मी ट्रे बाहेर काढला. इन्स्पेक्शनची नीलिमा म्हणाली, "सर, गुलाबी वाटतात हो."

"ओले आहेत गं. सुकले की बघ."

सुकले. ती बराच वेळ बघत राहिली. मग, तुम्ही म्हणताय तर हिरवेच असतील, असं म्हणून तिने माल पास केला. पॅकिंगच्या गणपतने तर पोपटी हिरवा म्हटलं. मग शेठ खिडकीत गेले.

दुपारी देशपांडे मॅडम मुलुंडहून माल तपासायला आल्या. त्या आमच्या गिऱ्हाइकाच्या क्वालिटीच्या. झाकण काढताच म्हणाल्या, "हे गुलाबी आहेत."

शेठ म्हणाले, हिरवे. नीलिमा म्हणाली, हिरवे. गणपत म्हणाला, पोपटी. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि एकदम खुर्चीत बसल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. रंग आता उजळ दिसतील असं डॉक्टर म्हणाले होते, आणि हे काय होऊन बसलं, असं त्या स्वतःशीच बोलत होत्या. नोकरीच तपासणीची. डोळाच गेला तर करायचं काय? शेवटी त्यांनी सहीसाठी पेन उघडलं.

"परब, तुम्ही खरं सांगा. हिरवे आहेत ना?"

मी म्हणालो, "मॅडम, तुमचे डोळे चांगले आहेत. माझे नाहीत. मला लाल-हिरवं कळत नाही."

नीलिमा म्हणाली, "गुलाबीच आहेत. मी सकाळीच म्हटलं होतं."

"मलापण गुलाबीच दिसत होते," गणपत म्हणाला.

शेठ म्हणाले, "मला तर पहिल्यापासून."

दुसरा मीटर लावला, तेव्हा दुरुस्त होऊन आलेल्या पॉवर सप्लायचा मीटर चुकीचं दाखवतोय हे कळलं. व्होल्टेज वाढवलं की थरही वाढतो, म्हणून तेच स्क्रू परत बुडवले. संध्याकाळी ट्रे हिरवा झाला. असं सगळे म्हणाले. मॅडमनी सही केली आणि जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मी राजीनाम्याच्या तयारीने गेलो. त्यांनी दार लावून हळूच विचारलं, "आमचा हॉल कुठल्या रंगाचा आहे?"

"मला माहीत नाही, शेठ."

"रंगवला त्या दिवशीच खटकला होता. पण तू सांगितलेलास ना."

नोकरी राहिली. आता दोन मीटर असतात. ट्रे बाहेर निघाला की मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहतो. सगळ्यांनी आपल्याला दिसलेला रंग सांगितला की मला आत बोलावतात.