उंबऱ्याबाहेरचा बूट

चंपाबाईंचा उजवा बूट आमच्या शाळेच्या स्वयंपाकघराबाहेर, दाराच्या डाव्या हाताला असायचा. त्यात पोटरीएवढा उंच पांढऱ्या प्लास्टिकचा पट्टा उभा असे. पोरं त्याला 'आजीचा दुसरा पाय' म्हणत.

मी शिकवायचे त्या भीमपूरकडच्या मराठी शाळेत चंपाबाई चौदा वर्षं दुपारचं जेवण रांधत होत्या. सुरुवातीला गावातल्या मालनबाईंनी आपल्या मुलाला, पंकजला घरून डबा दिला. कारण त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. चंपाबाई बौद्ध वस्तीतल्या. चंपाबाई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त एक नियम केला, की स्वयंपाकघरात कुणाचीही चप्पल येणार नाही. तपासणीच्या साहेबालाही त्यांनी दारात अडवलं होतं. "साहेब, पायतन तिकडं. मंग या, हंडीत डोकं घालून पाहा." दोन महिन्यांनी मालनबाई स्वतः बघायला आल्या. दारात थबकल्या, फरशी न्याहाळली आणि चप्पल काढली. दुसऱ्या दिवशी पंकज पंगतीत बसला. त्या दिवसाबद्दल बोलताना चंपाबाई डाळभाताचं काहीच सांगत नसत. "तिनं चप्पल काढली, म्याडम," एवढंच.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परतलं, हात परतला. उजवं पाऊल मात्र लोंबतच राहिलं. चालताना अंगठा जमिनीला अडकायचा. मी त्यांना आदिलाबादला घेऊन गेले. तिथं असे पट्टे बनवणाऱ्या कुलदीपनं पायावर प्लास्टर गुंडाळून माप घेतलं आणि आठवड्यानं पट्टा दिला.

"यानं पाय बरा होत नाही, मावशी," तो म्हणाला. "पाऊल वर धरून ठेवतो, म्हणजे अडखळणार नाही. आत सुती मोजा, वरून बूट. बुटाशिवाय हा फरशीवर घसरतो. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर इकडं या. आणि उठल्यापासून झोपेपर्यंत घालायचा. नाहीतर टाचेमागची शीर आखडते. एकदा टाच टेकेनाशी झाली की हा पट्टाही बसत नाही."

"मले सैपाक करता येईन ना?"

"घातला तर येईल."

शाळेनं त्यांची जागा राखून ठेवली होती. त्या आल्या. उंबऱ्यापाशी पायरीवर बसल्या, पट्ट्या सोडल्या, बूट बाहेर ठेवला आणि भिंत धरत अनवाणी आत गेल्या. रोज तसंच. घरीही तेच, कारण पुढच्या खोलीत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. पट्टा पायात राही तो फक्त रस्त्यावर, जाता-येता पाव पाव तास.

मी एकदा विचारलं, "चंपाबाई, आतही घालायचा आहे ना तो?"

"मीच बुटानं आत गेली, तं उद्या दुसऱ्याले कोन्त्या तोंडानं सांगू?"

मला कौतुक वाटलं. त्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी मी पोरांना त्यांची शिस्त सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आठ महिन्यांत टाच उचलली गेली. पट्टा मागून वर सरकू लागला, घोट्यावर जखम झाली. आम्ही पुन्हा कुलदीपकडे गेलो. त्यानं तळवा हातात धरून वर दाबला. पाऊल हललं नाही. दिवसातून किती वेळ घालता, असं त्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून पाऊल हळूच खाली ठेवलं.

"मावशी, आतला वेगळा बूट ठेवायचा होता. रस्त्यावर कधी न घातलेला, तळ धुतलेला. मी करून दिला असता."

"तुमी सांगतलं नाही, बापू."

"तुम्ही विचारलं नाही."

कुणाचाच आवाज चढला नाही. शीर कापून लांबवता येते म्हणून आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. साखर आणि रक्तदाब पाहून तिथल्या डॉक्टरांनी नको म्हटलं.

पुढच्या महिन्यात डाळीची हंडी उतरवताना त्या कोसळल्या. डाळ चुलीत गेली. पोरं लांब होती. स्वयंपाकघराची किल्ली त्यांनीच माझ्या टेबलावर आणून ठेवली.

मी आता निवृत्त झाले आहे. गेल्या महिन्यात शाळेत जाऊन आले आणि तिथून चंपाबाईंकडे गेले. त्या बाजेवर बसून तूर निवडत होत्या. आता शाळेत मालनबाईंची सून, पंकजची बायको सुनयना रांधते.

"बरी शिजवते काय डाळ?"

"बरी शिजवते."

"मीठ?"

"थोडं जास्त."

"मले वाटलंच," त्या हसल्या. मग विचारलं, "अन् पायतन?"

त्यांच्याशी मी कधी खोटं बोलले नव्हते. "रबरी चप्पल घालूनच असते आत."

"मालनबाई पाह्यते?"

"पाहते."

"कोनी काई म्हनत नाही?"

"नाही."

त्यांनी अधांतरी राहिलेली टाच हातानं चोळली. "मंग मले तरी कोन म्हनलं असतं, म्याडम?"

मालनबाईंच्या सुनेचं जे गावाला चाललं, ते चंपाबाईंचं चाललं असतं का? मी त्यांच्या सुपातली मूठभर तूर घेतली आणि खडे वेचू लागले.