तडतडणारी वात

जयराजने आयुष्यात एकच काम रोज शेवटपर्यंत नेलं, ते म्हणजे जेवण. बाकी सगळं अर्ध्यावर.

हे मी रागाने लिहीत नाही. राग धरायला समोर काही केलेला माणूस लागतो. जयराज माझा शेजारी. वय अडतीस. कडेगावच्या अलीकडे आमचं गाव, त्यात त्याचा सहा एकर ऊस. ऊस वाटेकरी बघतो, जयराज वाटेकऱ्याला बघतो, तेही ओट्यावरून.

गावातली पोरं सैन्यभरतीसाठी पहाटे पळायची. हाही पंधरा दिवस पळाला. सोळाव्या दिवशी गुडघा दुखला. तो गुडघा अजून दुखतो, पण फक्त काम निघालं की. मग त्याने कराडला मोबाईलचं दुकान काढलं. ते दुपारी उघडायचं आणि दुपारीच बंद व्हायचं. मग शेवगा लावला. ठिबकच्या नळ्या अंथरल्या, पण गाळणी दोन वर्षांत एकदाही धुतली नाही. नळ्या तुंबल्या, शेवगा वाळला. हा म्हणाला, "आपल्या मातीत दम न्हाई." मातीला बोलता येत नाही हे त्याचं नशीब.

त्याची बायको क्रांती अंगणवाडीत शिकवते. घरात वेळेवर उठणारी ती आणि तिची सासू, मनुबाई. मनुबाईला मी वैनी म्हणतो. जयराज काय चीज आहे हे कळायला आधी मनुबाईचं तेल कळलं पाहिजे.

आमच्या गावाला बोअरचं पाणी. बादली वाळली की आत पांढरा थर दिसतो. तोच थर केसांवर बसतो. बायकांचे केस सुतळीसारखे कोरडे होतात, कंगवा अडतो, टोकं फुटतात. त्यावर मनुबाई माक्याचं तेल करून द्यायची. चाळीस वर्षं. बाईने आपलं तिळाचं तेल घेऊन यायचं, मनुबाईने ते कढवून द्यायचं. खोटं बोलणं नाही. एकीने विचारलं, यानं केस वाढतील काय? मनुबाई म्हणाली, "नसल्याली केसं आणायचं तेल माज्याकडं न्हाई. हायती ती मऊ करायचं हाय. रातच्याला टोकांस्नी लावायचं, सकाळी शिकेकाईनं धुवायचं. आन् कडक पाणी ओतून परत माज्याकडं रडत यायचं न्हाई."

माका पाटाच्या कडेला उगवतो. फुकट आहे, म्हणून लोकांना वाटतं तेलही फुकटात होतं. तो सकाळी उपटायचा, मुळं कापायची, तीन पाण्यांनी धुवायचा. उखळात कुटायचा, फडक्यातून पिळायचा. तेल एक माप, तर रस चार मापं. दोन्ही कढईत घालून चुलीवर ठेवायचं आणि जाळ मंद ठेवून ढवळत बसायचं. चार मापांतलं पाणी उडून जायला दिवस मोडतो. पाणी गेलं की नाही हे कसं ओळखायचं? कापसाची वात त्या तेलात बुडवायची आणि पेटवायची. तडतडली तर पाणी आहे. गुमान जळली तर तेल झालं.

मी चौतीस वर्षं कराडला तेलाच्या घाण्यावर काढली. तेलात पाणी राहिलं की काय होतं हे मला शिकवायला नको. ते आंबतं, फेस धरतं, वास मारतं. मनुबाईने घाणा कधी पाहिला नव्हता, पण एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी जयराजने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि त्याला आईचं तेल दिसलं. चाळीस वर्षं नाकासमोर होतं, तेव्हा दिसलं नाही. लगेच बाटल्या आल्या. लेबल छापून आलं. त्यावर मनुबाईचा फोटो, नथ घातलेला, जयराजच्याच लग्नातला.

"माजा फोटू कशाला रं?" मनुबाईने विचारलं.

"तुला लोक वळखत्यात, आई."

"मग ऐक. फोटू माजा हाय, तवा तेल माज्या रीतीनं. वात वाजली तर बाटली भरायची न्हाई. चाळीस वर्सांत एका बाईनं मला नाव ठेवलं न्हाई, ते आता म्हातारपणी नको."

"व्हय की," जयराज म्हणाला. व्हय म्हणायला त्याला कधीच कष्ट पडत नाहीत.

पहिल्या तीस बाटल्या मनुबाईने स्वतः केल्या. त्या चांगल्या निघाल्या. लोकांनी आणखी मागितल्या. तेव्हा जयराजने ठरवलं की पौषात औंधच्या यमाईच्या यात्रेत दुकान मांडायचं, चारशे बाटल्यांचं.

यात्रेच्या दहा दिवस आधी मनुबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरने बजावलं, महिनाभर धुरात जायचं नाही, वाकायचं नाही. ती काळा चष्मा लावून घराच्या पुढच्या सोप्यात बसली, आणि तेल जयराजच्या हातात गेलं.

त्याने आचाऱ्याची मोठी कढई आणि गॅसची शेगडी आणली. माका मजुरांकडून उपटून घेतला, मुळांसकट, चिखलासकट. तीन पाण्यांऐवजी एकच पाणी दाखवलं. कुटायचं जिवावर आलं म्हणून मिक्सर लावला. मिक्सर फिरेना म्हणून त्यात पाणी ओतलं. जे उडवण्यासाठी माणसं दिवस घालवतात, तेच या शहाण्याने आणखी आत घातलं. वर मोठा जाळ. अडीच तासांत गॅस बंद, कारण ऊन असेतोवर त्याला बाटल्यांचा व्हिडिओ काढायचा होता.

सोप्यातून मनुबाईने मला हाक मारली. "आण्णा, मला कच्चा वास येतोय. जाऊन जरा वात लावून बघा."

मी परसात गेलो. वात बुडवली, पेटवली. लाह्या फुटाव्यात तशी वाजली.

"जयराज, पाणी हाय आत. ठेव परत गॅसवर."

"आवं आण्णा, हे डोस्क्याला लावायचं तेल हाय, देवापुढं लावायचं न्हाई."

"महिन्याभरात आंबंल."

"महिन्याभरात संपवत्यात की लोक."

"सगळं तुज्या हौशीसारखं लवकर संपत न्हाई."

क्रांती भांडी घासत होती, ती खुदकन हसली. जयराजला ते लागलं. "तडतडली तर तडतडली. केसास्नी काय कान असत्यात?"

मी गॅस पेटवला. त्याने बंद केला. मी परत पेटवला, तर त्याने नळीच काढून घेतली. एवढी चपळाई मी त्याच्यात प्रथमच पाहिली.

मी सोप्यात जाऊन मनुबाईला सांगितलं, "वैनी, वाजली." तिने जयराजला बोलावलं. मी घरी आलो. पुढचं क्रांतीने नंतर सांगितलं. हा आईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "परत कढवलं, आई. आता गप जळतीया." तिच्या डोळ्यावर काळा चष्मा होता, परसात जायची बंदी होती. तिने मुलाच्या शब्दावर मान डोलावली. हा आयुष्यभर आळशी होता, पण आळशी माणसाला खोटं बोलायचे कष्ट परवडतात हे ते ऐकून कळलं.

यात्रेत चारशे बाटल्या संपल्या. मनुबाईचा चेहरा बघून बायकांनी घेतल्या. जयराज माझ्याकडे प्रसादाचा पेढा घेऊन आला. "बघा आण्णा, एक बी माघारी आणली न्हाई."

मी पेढा खाल्ला. पेढा चांगला होता. कुणीतरी खवा नीट भाजला होता.

माघ लागला आणि बाटल्या घरी यायला लागल्या. लेबलवर पत्ता होताच. पहिली आली दगडाबाई, आमच्याच गल्लीतली. तिची नात प्रियदर्शनी कराडला इंजिनिअरिंगला आहे. वसतिगृहाच्या पाण्याने पोरीचे केस झाडूसारखे झाले होते, म्हणून आजीने यात्रेतून दोन बाटल्या नेऊन दिल्या होत्या. दगडाबाईने बाटली ओट्यावर आपटली. आत पांढरी साय धरली होती.

"मनुबाई, तुज्या हातचं तेल मी चाळीस वर्सं लावतीया. ही काय घाण दिलीस? पोरीनं लावलं तर खोलीतल्या पोरींनी खिडक्या उघडल्या. आंबील सांडली का काय म्हणत्यात."

मनुबाईने टोपण उघडलं. वास घेतला. दोन थेंब तळहातावर घेऊन चोळले.

मी समोरच बसलो होतो. आता ती सांगेल, हे मी केलं नाही, पोराने केलं, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर दगडाबाईने ऐकलं असतं. सगळ्या गावाला जयराज ठाऊक आहे.

मनुबाई म्हणाली, "फोटू माजा हाय न्हवं? मग तेल बी माजंच. चुकलं माजं. ही ठेवून जा. ऐतवारी सांजच्याला ये, दुसरं नेऊन दे पोरीला."

दगडाबाई जरा वरमली. "तुज्या हातचं न्हाई ते, मला काय कळत न्हाई व्हय?"

"ऐतवारी ये," मनुबाई एवढंच म्हणाली.

जयराज आतल्या खोलीत होता. फोन बंद करून बसला होता. पुढच्या चार दिवसांत बत्तीस बाटल्या आल्या, शेजारच्या गावांतून, एक तर विट्याहून. प्रत्येक बाईने मनुबाईच्या तोंडावर बोलून घेतलं. एक बाई म्हणाली, म्हातारपणी पैशाची हाव सुटली काय? मनुबाई प्रत्येकीला ऐतवारी ये म्हणाली. जयराज एकदाही बाहेर आला नाही. जेवायला आला.

रविवारी पहाटे मनुबाईने त्याला उठवलं. डॉक्टरची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती, तरी ती धुरात गेली नाही. परसाच्या दारात खुर्ची टाकून बसली, तोंड माझ्या घराकडे, पाठ चुलीकडे. मीही तिच्याजवळ जाऊन बसलो.

"माका आण. मुळं काप. तीन पाण्यांनी धू."

"आई, मिक्सर..."

"उखळ हाय."

आठच्या सुमाराला चूल पेटली. जयराज ढवळायला बसला. दहा वाजता म्हणाला, "गुडगा दुकतोय."

"गुडग्यानं ढवळतोस व्हय?"

क्रांती चहा घेऊन आली. एक कप सासूला, एक मला. जयराजने हात पुढे केला, तर ती म्हणाली, "तुमचा हात कामात हाय की."

बारा वाजता मनुबाई म्हणाली, "लाव वात." त्याने वात बुडवली, पेटवली. तिला चूल दिसत नव्हती, दिसायची गरजही नव्हती. तडतड.

"अजून."

दोन वाजता परत. तडतड.

"अजून."

चार वाजता तो म्हणाला, "आई, आता लय बारीक वाजलं."

"बारीक पाणी बी पाणीच."

त्याचा चेहरा धुराने काळा झाला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. मला दया आली नाही. अडतीस वर्षांत एक दिवस, तोही आईने पाठ करून राखण केली म्हणून.

साडेपाचला त्याने वात पेटवली आणि काहीच ऐकू आलं नाही. मनुबाईने मान एका बाजूला करून ऐकलं. "आणीक एकदा लाव," म्हणाली. त्याने दुसरी वात लावली. तीही गुमान जळली.

"आता उतरीव."

तेल हिरवट काळं, चांगलं निघालं होतं. मी घाण्यावरचा माणूस, चांगल्याला चांगलं म्हणतो. गाळून बाटल्या भरल्या. जयराज लेबलांचा गठ्ठा घेऊन आला, जणू काही झालंच नव्हतं. मनुबाईने तो त्याच्या हातातून घेतला आणि क्रांतीला म्हणाली, "कातर आण." दोघींनी बसून एकेका लेबलावरचा फोटो कापून काढला. नथीसकट. कापलेले फोटो चुलीत गेले.

"तेल तू कढवलंस," मनुबाई म्हणाली. "वात तू लावलीस. आता तुजा फोटू लाव."

जयराज कावराबावरा झाला. "माजा फोटू बघून कोन घील?"

क्रांतीने कात्री जागेवर ठेवली.

दगडाबाई आली, बाकीच्याही आल्या. प्रत्येकीला बिनलेबलाची बाटली मिळाली. दगडाबाईने ओट्यावरच टोपण उघडून वास घेतला आणि नातीसाठी आणखी एक मागितली. मनुबाईने सांगितलं, "पुढच्या खेपंला तुजं तेल घिऊन ये, पैल्यासारखं."

भोकं पडलेल्या लेबलांचा गठ्ठा आणि उरलेल्या रिकाम्या बाटल्या अजून सोप्यात पडून आहेत. मनुबाई डोळा बरा झाल्यापासून पुन्हा महिन्यातून एकदा चूल पेटवते. जयराजने त्या रविवारनंतर उलथणं हातात धरलेलं नाही. आता तो मधमाश्यांच्या पेट्या आणणार आहे. मधाला म्हणे काही करावं लागत नाही, माश्याच करतात.

परवा ओट्यावर तो हे सगळं मला समजावून सांगत होता. मनुबाई आतून बाहेर आली. चष्मा आता साधा आहे.

"मधाच्या बाटलीवर फोटू कुनाचा रं?" तिने विचारलं.

जयराज गुडघा चोळायला लागला.