बर्फमामाचा पंखा

बर्फमामा दिवसभर बर्फ विकायचा आणि संध्याकाळी लोकांना आग लावायचा. तोंडवलीच्या किनाऱ्यावर होड्या लागल्या की मासळीवर घालायचा बर्फ त्याच्याकडूनच जायचा, त्यामुळे माझ्या या सख्ख्या मामाचं खरं नाव फक्त मतदार यादीलाच ठाऊक होतं. "मासो काय, माणूस काय, येळार बर्फ गावलो तर टिकता," हे त्याचं तत्त्वज्ञान. मुका मार, डोकेदुखी, जावाजावांमधली भांडणं, सगळ्यावर औषध एकच. डोक्यावर बर्फ आणि तोंडात साखर ठेवावी म्हणतात. मामाकडे बर्फाचा साठा मुबलक होता, साखरेचं मात्र नाव नव्हतं.

त्याचं बुद्धिबळ निम्मं पटावर आणि निम्मं तोंडाने चालायचं. समोरचा जरा विचारात पडला की हा सुरू. "हत्ती बांधून ठेवलंस काय रे? गवत घालतंस तेका?" समोरचा भडकायचा, चाल चुकायचा आणि हरायचा. असे एकेक करून सगळे उठून गेले. टिकला तो बाबल तांडेल, मामाचा बालमित्र. एकदा बाबलची होडी खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतली, आणि त्याच संध्याकाळी त्याचा घोडा पटाच्या कोपऱ्यात अडकला. मामा म्हणाला, "घोडो होडयेच्याच वळणार गेलो तुझो!" बाबलने पट उलटा केला आणि पडवी उतरून गेला तो परत चढला नाही. मामा दोन दिवस पोट धरून हसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की आपल्यासमोर बसायला आता गावात कोणीच उरलं नाही. सोंगट्या मांडून तो एकटाच बसलेला मी पाहिलाय, आणि मला ते मुळीच बघवलं नव्हतं.

म्हणून दोन हजार आठच्या सुमारास मी पुण्याहून माझा जुना गेमिंगचा लॅपटॉप आणून त्याच्यापुढे ठेवला. वजनाला पाटा आणि तापायला चूल. त्यात बुद्धिबळ घालून दिलं. मामाने पहिले चार दिवस त्यालाही यथेच्छ टोमणे मारून पाहिले. शेवटी हताश होऊन मला विचारलं, "ह्येका राग कसो येणा नाय रे?" रोज हरायचा, पण खुशीत असायचा. समोर कोणीतरी बसलं होतं.

अडचण एकच होती. सगळ्यात वरच्या पातळीवर खेळताना त्या यंत्राचा प्रोसेसर पुऱ्या ताकदीने चालायचा आणि मे महिन्याच्या त्या दमट हवेत भयंकर तापायचा. एका मर्यादेपलीकडे गेला की स्वतःच वेग कमी करायचा, तेवढ्यानेही भागलं नाही तर सरळ डोळे मिटायचा. भर डावात पडदा काळा झाला की मामाचा चेहरा बघवत नसे. मी लॅपटॉप उघडून आतला पंखा साफ केला, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, खाली हवा खेळावी म्हणून चार करवंट्या दिल्या. एवढ्यावर गप्प बसेल तर तो बर्फमामा कसला! मी पुण्याला वळताच त्याने मासळीच्या पेटीतला बर्फ पंच्यात बांधून लॅपटॉपखाली ठेवला. पाणी कीबोर्डात शिरलं, आणि बांगड्याच्या वासाने शेजारच्या दोन मांजरी लॅपटॉप चाटायला आल्या. वाळवून तो पुन्हा चालू झाला हे त्या मांजरींचं नशीब.

पुढच्या खेपेस मी प्रोसेसरची ताकदच ऐंशी टक्क्यांवर आणून ठेवली. आता तापेना. मामाला कारण कळलं तेव्हा तो माझ्यावर उखडला. "तेका अर्धो उपाशी ठेवून माका जिंकवतंस? आदी शंभरार कर!" केला. मग घरातला टेबलपंखा लॅपटॉपजवळ सरकला. उन्हातून आलेल्या पाहुण्याला एक वेळ पाणी मिळायचं नाही, पण लॅपटॉपचा वारा कोणी अडवायचा नाही.

एका दुपारी वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. मामा पहिल्यांदाच एका हत्तीने पुढे होता. यंत्र तापून मंद झालं होतं, भलत्याच चाली करत होतं. मी म्हटलं, "मामा, तो तापलोहा, म्हणान चुकता. आता हाणून घे." मामाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळातल्या पेटीत हात घातला होता. भिंतीवरचा हातपंखा काढून तो लॅपटॉपला वारा घालू लागला. स्वतः घामाने निथळत होता.

तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून आवाज आला. बाबल तांडेल वाटेवर उभा होता. किती वेळ, देव जाणे.

"उभो जलम तुझ्यासमोर बसलंय, मेल्या," तो म्हणाला. "माका कधी एकदा तरी वारो घातलंस?"

मामा हातपंखा घेऊन तसाच उठला, फडताळातला लाकडी पट काढला, समोरची खुर्ची पंच्याने पुसली आणि म्हणाला, "ये, बस." बाबल आला. मामाने त्याला दोनदा वारा घातला आणि तिसऱ्यांदा टोमणा मारला. लॅपटॉप कधी तापून बंद पडला ते आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नाही.

नंतर दोन पावसाळे ते दोघे रोज भांडत खेळले. दुसरा पावसाळा सरताना मामाने अंथरूण धरलं. ताप उतरेना. पट खाटेवर ठेवून बाबल एका हाताने चाल करायचा आणि दुसऱ्या हाताने वारा घालायचा. मामा पुटपुटला, "बेतान घाल रे. लय थंड झालंय तर माका भायर काढतले."

"गप रव आणि चाल कर," बाबल म्हणाला. तो डाव पुरा झाला नाही.

लॅपटॉप आता माझ्याकडे पडून आहे, सुरू होत नाही. गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा बाबलने मला खेळायला बसवलं. टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवला, सोंगट्या मांडल्या. मी तिसऱ्याच चालीला विचारात पडलो.

"हत्ती बांधून ठेवलंस काय रे?" बाबल म्हणाला. "गवत घालतंस तेका?"

माझे डोळे भरून आले, पट दिसेना, आणि त्या नादात माझा वजीर गेला.