विमानांसाठी वाचलेलं हवामान

लग्न झालं आणि नवरा मुंबईला, मी शहाद्याजवळ तापीकाठी सासरी. एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. हे विमानतळावर नोकरीला होते. उडत्या विमानांना रेडिओवरून ठिकठिकाणचं हवामान इंग्रजीतून वाचून दाखवायचं, हे यांचं काम. आमच्या बॅटरीवरच्या रेडिओला शॉर्टवेव्हवर तो आवाज लागायचा. सुट्टीत आले तेव्हा यांनीच काचेवर नेमक्या जागी कुंकवाचा ठिपका करून ठेवला होता.

पण मेली ती लहर एकट्या मुंबईची नव्हती. दूरदेशीचं आणखी एक केंद्र तिच्यावरच बोलायचं. दोघांना पाळ्या लावून दिल्या होत्या म्हणे, पण एकाची लांबली की दुसरा त्याच्या बोकांडी बसलाच. मग नुसता कालवा. त्या परक्या माणसाचा मला असा राग यायचा की काय सांगू. नवऱ्याचं तेवढंच तर कानावर पडायचं, तेही हा हिसकावून घ्यायचा.

त्या पावसाळ्यात यांना टायफॉईड झाला. दवाखान्यातून सोडलं एवढं कळलं आणि पुरानं टपाल बंद पडलं. आवाज आला तर कामावर रुजू झाले, म्हणजे बरे झाले. दुसरं कळायचं साधन नव्हतं. रोज दिवेलागणीला सासरे ओसरीत रेडिओ लावायचे आणि रोज दुसराच कुणी वाचायचा. मी दाराआड उभी. आमच्याकडे सून सासऱ्यांशी बोलत नसे. काही सांगायचं असलं तर दाराची कडी वाजवायची.

एका संध्याकाळी दोन्ही आवाज एकमेकांत गुंतून आले आणि त्या गलक्यात मी यांना ओळखलं. आकड्याआधी किंचित थांबायची यांची सवय. मी कडी वाजवली.

सासऱ्यांना वाटलं, चहाचं विचारतेय. "ठेव चहा," ते म्हणाले, आणि "आज बी तो नही," म्हणत बॅटरी वाचवायला रेडिओ बंद केला.

मी पदर ओढून सरळ ओसरीत गेले, बटण फिरवलं आणि पहिल्यांदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं. "त्याच शेतस." तेच आहेत, एवढंच.

वाती वळत बसलेल्या सासूबाईंचे हात थांबले. आता काय ऐकून घ्यावं लागतंय म्हणून मी खाली बघत राहिले. सासऱ्यांनी कान रेडिओला लावला, बराच वेळ लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "मन्हा कानले काही समजत नही, पोरी. तू सांग, काय म्हनस तो?"

इंग्रजीचं अक्षर मला येत नव्हतं. मी म्हणाले, "बरा शेतस, म्हनतस."