नईमचा कोरा राहिलेला परिचय

नईम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोरी अरबच्या बाजारात एका बैलगाडीपाशी उभा होतो. मूठभर कापूस हातात घेऊन बोटांनी धागा ओढून बघत होतो. पलीकडून मंगला मॅडम म्हणाल्या, "गणेशभाऊ, नईम गेला. सकाळी. हार्ट." मी विचारलं, कोणता नईम? कोणता ते मला माहीत होतं... पण सौदा करणाऱ्याची सवय. भाव पटला नाही की पुन्हा विचारायचा, समोरचा कदाचित बदलेल.

नईम आर्णीत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. यवतमाळला कॉलेजात असताना तो बास्केटबॉल खेळला होता, आणि तेव्हापासून अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संघावर त्याचा जीव जडला होता. संघही असा निवडला की जिंकण्यापेक्षा हरायचाच जास्त. त्या संघासाठी त्याने इंटरनेटवर ब्लॉग काढला. सामन्यांवर तो लिहायचा, खेळाडूंच्या अदलाबदलीवर मी, आणि यवतमाळच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मंगला मॅडम आम्हा दोघांचं मराठी इंग्रजीत करायच्या. तिकडे रात्रीचा सामना म्हणजे इकडे सकाळ. दुकान उघडण्याआधी नईम सायबर कॅफेत जाऊन बसायचा. सामना दिसायचा नाहीच, नुसता पडद्यावर सरकणारा गुणांचा तक्ता. तेवढ्यावरून तो असं लिहायचा की वाचणाऱ्याला घामाचा वास यावा. न बघता कसं लिहितोस, असं मी विचारलं तर म्हणायचा, "तू सरकी न फोडता तेल सांगतं ना?"

मी सातवी पास. हमाली करत करत दलालीत आलो, कुणी हात धरून आणलं नाही. तिकडचे संघ एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात, हे मला नईमनेच सांगितलं. त्याने एक सौदा वाचून दाखवला आणि कोण फसला ते मी तिथल्या तिथे सांगितलं. तो म्हणाला, हेच लिही. माझ्या लिखाणाखाली त्याच्यापेक्षा जास्त प्रतिक्रिया यायच्या. तो गेला म्हणून हे मी लपवणार नाही.

पुढे वाचक विचारू लागले, तुम्ही आहात कोण? परिचयाचं पान करायचं ठरलं. नियम मी घातला. बाजारात आपल्या मालाची प्रत आपण सांगत नसतो, दुसरा सांगतो. म्हणून माझा आणि मॅडमचा परिचय नईमने लिहायचा, नईमचा मी. त्याने दोन दिवसांत दोन्ही कागदावर लिहिले, मॅडमनी इंग्रजीत करून ब्लॉगवर चढवले. माझ्या परिचयाची पहिली ओळ होती, 'गणेश, आर्णीचा कापूस दलाल.' मी तिथेच वाचायचं थांबलो.

ती वर्षं आठवा. कापसापायी शेतकरी जीव देत होते, आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, आणि प्रत्येकाला दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्याच भागातल्या एकाने त्या ओळीखाली विचारलं, यंदा कुणाकुणाचा भाव पाडला? कुणीतरी ते पान मराठीत छापून मार्केटमधल्या चहाच्या टपरीवर चिकटवला. दोन गावांनी मला माल देणं बंद केलं. खेड्यात एकटे जाऊ नका, असं बायको म्हणू लागली. दारासमोर मोटारसायकल थांबली की मी आधी खिडकीतून बघायचो. मी नईमच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांसमोर नको ते बोललो.

हातातली वायर खाली न ठेवता तो म्हणाला, "खोटं काय लिवलं मी?"

"नाव लिवाचं होतं. धंदा कायले लिवला?"

"धंद्याबिगर तुहं सौद्याचं लिहिणं कोण खरं मानन, गणेशभाऊ?"

त्यानंतर मी ब्लॉगवर लिहिलं नाही. पानावर त्याच्या नावापुढे 'परिचय गणेश लिहितील' एवढंच राहिलं.

गेल्या दिवाळीनंतर तो आर्णीच्या बसस्टँडवर भेटला. वाळला होता. "माहं लिहून दे ना राजा, कोरं दिसते," म्हणाला. मी सौदा टाकला, "आधी माहं काढ, मग तुहं लिहितो." तो हसला आणि हात पुढे केला. मी हात दिला नाही... बस लागली होती, एवढंच कारण मी स्वतःला देतो.

मातीनंतर आठवड्याने मॅडमकडे गेलो. त्यांनी पान उघडलं. माझा परिचय तिथे नव्हता. बसस्टँडच्या भेटीनंतर चारच दिवसांनी नईमने तो काढायला लावला होता. मॅडम म्हणाल्या होत्या, गणेशभाऊंना कळवते. तर म्हणाला, नको, त्याले वाटन मी तगादा लावून राह्यलो. मॅडमकडचा माझ्या परिचयाचा हाताने लिहिलेला कागदही तो घेऊन गेला होता. घरच्यांनी शोधला, सापडला नाही.

मॅडम म्हणाल्या, पुढचं तुम्ही वाचलं होतं ना? मी नाही म्हणून मान हलवली. मला आठवेल तेवढं सांगते, म्हणाल्या. मी थांबवलं. आधी माझा शब्द, नईमचा परिचय.

तीन आठवडे लागले. पहिला कागद वाचून मॅडम म्हणाल्या, हे कुणालाही लागू पडेल. दुसरा फाडला. तिसरा असा: 'नईम, आर्णीचा वायरमन. न पाहिलेले सामने याने पाहणाऱ्यांना समजावले. संघ हरला की दुकान वेळेवर उघडायचा, जिंकला की उशिरा. याचा दोष म्हणजे हा चिडत नाही, त्यामुळे याच्याशी भांडणाऱ्याला थांबायला जागा मिळत नाही. हात न मिळवता याने एक सौदा पाळला.' मॅडमनी ते इंग्रजीत करून पानावर चढवलं. मग मी म्हटलं, आता सांगा.

त्या डोळे मिटून आठवत गेल्या. "त्याने लिहिलं होतं, हा भाव पाडून बोलतो, पण वजनात हात मारत नाही. याच्याशी भांडा, पण याचं ऐका."

दलाल हा शब्द टाळता आला असता, असं मला आजही वाटतं. तरी मी विचारलं, एवढंच?

"अजून एक वाक्य होतं शेवटी," मॅडम म्हणाल्या, "ते काही केल्या आठवत नाही."

या गोष्टीला आता महिना झाला. दर दोन दिवसांनी मी त्यांना फोन करतो. त्या हॅलो म्हणायच्या आत म्हणतात, नाही आठवलं, गणेशभाऊ.