दुसरी फेरी

"जातो," असं म्हणूनच काका आमच्या दारातून निघायचे. 'येतो' कधीच नाही. आपल्याकडे असं कोणी म्हणतं का, तुम्हीच सांगा. पुण्याहून आलेली माझी आई पहिल्यांदा ऐकून दचकलीच. "अहो, येतो म्हणावं!" काका हसले, बूट चढवले आणि पुन्हा म्हणाले, "जातो."

इथे परदेशात, नेपरव्हिलमध्ये, आमच्यापासून दोन घरं पलीकडे ते लेकीकडे राहायचे. निवृत्त हेलिकॉप्टर पायलट. माणूस मिश्कील. माझ्या मुलीने इंग्रजीत उत्तर दिलं की सॅल्यूट ठोकून "येस मॅडम" म्हणायचे. पण हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं की वाक्य अर्धवट सोडायचे आणि आवाज पुरता विरेपर्यंत तोंड उघडायचे नाहीत.

एका जानेवारीत मी दारातला बर्फ उपसत होतो. काका शेजारी उभे होते. त्यांनी आपणहून विषय काढला.

"युद्धात शत्रूच्या मुलखातल्या एका मैदानावर जवान उतरवायचे होते. पहिल्या फेरीत मी पंधरा जण उतरवले, बाकीचे दुसऱ्या फेरीत आणायचे होते. गोळ्या सुरू झाल्या होत्या. एक रेडिओवाला, साताऱ्याचा, माझ्या खिडकीशी आला. 'साहेब, लवकर या!' मी म्हटलं, 'येतो रे.'"

"मग?"

"तळावर पोचलो तर हेलिकॉप्टरची चाळण झालेली. दुसरी फेरी कॅन्सल झाली. मी वरिष्ठांशी भांडलो. पण खरं सांगू? आतून सुटल्यासारखं वाटलं. दुपारपर्यंत त्यांचा रेडिओ चालू होता. मग बंद पडला. एकही परत आला नाही. मला पदक मिळालं, पहिल्या फेरीचं."

मी पुन्हा बर्फ उपसायला लागलो.

गेल्या मार्चमध्ये त्यांना पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून फोन आला. त्या रेडिओवाल्याचा मुलगा. वडील गेले तेव्हा तो आईच्या पोटात होता. आता तिथे आयटीत आहे. माजी सैनिकांकडून त्याने नंबर मिळवला होता. "काका, बाबांना शेवटचं तुम्ही पाहिलंत. मला भेटायचंय."

काका महिनाभर टाळत राहिले. आज गुडघा, उद्या सर्दी. जेवण कमी झालं, लेक घाबरली. मग एक दिवस मला म्हणाले, "तिकीट काढ. सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगणार आहे त्याला."

"तो काय म्हणेल?"

"म्हणू दे."

काका बेलव्ह्यूला गेले आणि तीन दिवसांनी मी त्यांना एअरपोर्टवरून आणलं.

"सगळं सांगितलं," गाडीत म्हणाले. "रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने बायकोला पानं वाढायला सांगितली. जेवताना विचारलं, बाबांचा आवाज कसा होता?"

"कसा होता?"

"अरे, हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या घरघरीत काय ऐकू येणार? मी फक्त ओठ हलताना पाहिले. 'लवकर या' म्हणाला, हे माझं मीच ठरवलं. 'जाऊ नका' म्हणाला असेल. 'आम्हाला परत न्या' म्हणाला असेल."

"मग त्याला काय सांगितलंत?"

"खणखणीत होता म्हणालो."

ऑगस्टमध्ये काका गेले, झोपेतच. अंत्यविधीला तो मुलगा विमानाने आला. माझ्या शेजारी उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "माझ्या बाबांचा आवाज खणखणीत होता. काकांनी ऐकलाय."

मी "हो" म्हणालो.