कुंकू लागलेलं पान

आज भविष्य पाहायची टॅरोची पानं पिसताना बोटांना खोबरेल तेलाचा वास आला आणि राहनाळ गावच्या आमच्या घरातला देव्हारा आठवला. तेव्हा मी ठाण्याला टॅरो शिकायला जायचे. एका पानावरची, सिंहाचा जबडा हातांनी मिटणारी बाई म्हणजे आपल्यातलंच शांत बळ, असं तिथल्या शिक्षिकेने शिकवलं होतं. एकदा घरी आले, तर आईने नेमकं तेच पान देव्हाऱ्यात ठेवून त्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलेलं.

“आई, ही देवी नाही गं.”

“न्हाय कशी? सिंव्ह चावत न्हाय तिला.”

तेल पानाच्या पाठीपर्यंत उतरलं होतं. आई गेली, डाग राहिला. आता पानं पालथी असली तरी ते ओळखू येतं. अडचणीत हात तिकडेच जातो. मग उत्तर पानाचं, आईचं, की माझंच? कळत नाही. आणि ओळखीचं असूनही, ते सुलटं करून कुंकू दिसलं की मी दर वेळी दचकते.